‘पिया बिन’: आधी खाँसाहेब की आधी सैगल?

झिंझोटी रागातली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ठुमरी बसवायला घेतली की दोन ध्वनिमुद्रणं समोर येतात. एक किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची जुनी तबकडी, दुसरं १९३५ च्या ‘देवदास’ चित्रपटातलं गायक-नट कुंदनलाल सैगलचं गाणं. माझी भाची सध्या ही ठुमरी शिकते आहे. परवा तिनं विचारलं, “मामा, आधी कुणाची ऐकू?” मी दोन्ही वाटांनी गेलो आहे, म्हणून लिहितो.

सोपं पडतं ते सैगलचं. शब्द स्वच्छ, आवाज भरदार आणि कुणी शेजारी बसून सांगावं तसा जवळचा. कुठल्याही घराण्याची रीतसर तालीम नसताना हा माणूस झिंझोटीचा नेमका रंग पकडतो. त्याचं हे गाणं ऐकून खुद्द खाँसाहेब खूश झाले, असं जुनी मंडळी सांगतात.

खाँसाहेबांची तबकडी मात्र पहिल्या भेटीत हाती लागत नाही. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आजोबांकडे ती होती. कडेला टवका उडालेला, त्यामुळे सुई ठेवली की सुरुवातीच्या फेऱ्यांना टक्-टक् व्हायचं आणि पहिलं ‘पिया’ त्यातच जायचं. मग खरखरीच्या पलीकडून तो उंच, बारीक आवाज यायचा. नव्या कानाला तो जरा परका वाटतो. शब्दही सुरात इतके विरघळलेले की ‘आवत’ कुठं संपलं आणि ‘चैन’ कुठं लागलं ते दोन-तीनदा ऐकल्याशिवाय कळत नाही.

पण याच तबकडीनं अकरा वर्षांच्या भीमसेन जोशींना १९३३ साली गाणं शिकण्यासाठी घर सोडायला लावलं. खाँसाहेब तरुणपणी आमच्या बडोद्याच्या दरबारात होते. इथूनच ते ताराबाई मान्यांबरोबर निघून गेले. गायक सुरेशबाबू माने आणि गायिका हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच मुलं. मी बडोद्याचा म्हणून माझा ओढा थोडा तिकडे असेल, ते मी नाकारत नाही.

तरी माझा कौल ठरला तो वेगळ्याच कारणानं. सैगल गळ्याला चिकटतो. मी ही ठुमरी आधी त्याचीच ऐकून बसवली, महिनोन्‌महिने. रावपुऱ्यातल्या मास्तरांपुढे गायलो तेव्हा त्यांनी तानपुरा थांबवला आणि म्हणाले, “सूर बरोबर आहेत. आवाज कुणाचा आहे?” घरी टेपवर स्वतःला ऐकलं. ‘पिया’च्या ‘या’वर तो नाकातला जडपणा, ओळीच्या शेवटी तेच दमल्यासारखं सोडून देणं. त्यात झिंझोटी नव्हती, सगळा देवदास होता. ती सवय मोडायला मला दोन वर्षं लागली आणि अजूनही बेसावध असलो की ‘या’ जड होतो.

खाँसाहेबांच्या बाबतीत असं झालं नाही. त्यांच्या आवाजाची नक्कल करू म्हटलं तरी जमत नाही, गळा तिथं पोचतच नाही. मग हाताशी उरते ती फक्त सुरांची वाट: मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतावरून षड्जावर कसं यायचं, मध्यमाला हात लावून गंधारावर किती वेळ टेकायचं. एवढं मिळालं की ते आपल्या आवाजात गाता येतं. निदान माझा अनुभव असा.

गायचं नसेल, नुसतं ऐकायचं असेल, तर सैगलपासून सुरुवात करायला माझी काहीच हरकत नाही. गळा आधीच पक्का झालेला असेल त्यालाही बहुधा धोका नाही. भाचीचा गळा कोवळा आहे. तिला मी खाँसाहेबांची ती तबकडी दिली आहे, टवक्यासकट, आणि सध्या ‘ध़ सा रे म ग’ एवढ्याच जागेवर थांबवलं आहे. सैगल दिवाळीनंतर.