सेकंडहँड टेन मीटर एअर पिस्तूल: पिस्तूल स्वस्त, हवा महाग

पिस्तूल चांगलं आहे. जीव खाल्ला तो हवेनं. त्यामुळं हा अनुभव पिस्तुलाचा कमी आणि हवेचा जास्त वाटला तर वाटू दे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मधे दोन मालक झालेल्या मालाची कुरकुर कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. दुकानदाराचंही नाव नाही, कारण पुढचा सिलिंडर बहुतेक त्याच्याकडूनच घ्यावा लागणार आहे. दहा मीटरवरच्या नेमबाजी स्पर्धेचं युरोपियन मॅच पिस्तूल, पीसीपी (म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारं), मेकॅनिकल ट्रिगर, मीडियम ग्रिप, एक सिलिंडर. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळालं. नवं स्टेयर किंवा मोरिनी इथं येईपर्यंत लाखाच्या बरंच पुढं जातं, आणि तेवढे पैसे छंदात घालायचे तर घरात आधी बजेट अधिवेशन भरवावं लागतं.

आमच्या बेळगाव भागात नवीन मुलगा क्लबात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "सेमी-ऑटोमॅटिक कुठलं घेऊ?" सेमी-ऑटो म्हणजे शॉटनंतर पुढची गोळी आपोआप भरणारं. पॉइंट टू-टू बोअरचं तसलं हवं तर आधी परवाना, मग आयातीची भानगड, मग काडतुसांचा हिशेब, आणि निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतंय काय याची धाकधूक. मॅच ऐन त्याच महिन्यात असते. शिवाय पंचवीस मीटरची रेंज जवळपास कुठं आहे ते आधी बघा. दुसरी जात म्हणजे गॅसच्या नळकांडीवर चालणारी, खऱ्यासारखी दिसणारी स्वस्त पिस्तुलं. स्टीलच्या गोळ्या, फटाफट दहा शॉट, रीलला झकास. टेन मीटरच्या नियमात एका वेळी एकच पॅलेट (छर्रा) भरायचं असतं, म्हणजे मॅगझिन शोभेलाच. आणि स्टीलची गोळी कठीण जागी आपटून उलटी येते, म्हणून आमच्या रेंजवर ती आत आणू देत नाहीत, हे बरोबरच आहे. पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरच्या आणि वीस जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ताकद सहा-सात जूलच्या आसपास. जत्रेत फुगे फोडायला जास्तच म्हणा, पण कागदावर ११.५ मिलिमीटरची टेन (दहा मार्कांचं मधलं वर्तुळ) फोडायला हे पुरतं, आणि तेवढी मारायची म्हटली तरी आयुष्य पुरत नाही.

तर मुद्दा हवेचा.

सिलिंडर २०० बारला भरायचा, बार म्हणजे दाबाचं माप. एका भरण्यात दीडशेच्या वर शॉट सहज निघतात, कारण आत रेग्युलेटर असतो. काटा खाली आला तरी पॅलेटचा वेग बराच काळ तोच राहतो. साठ शॉटची मॅच आणि वर सायटर्स (मार्कात न धरले जाणारे सुरुवातीचे शॉट) धरून एका भरण्यात निवांत होते. हे सगळं वाचून तुम्ही खूश होणार. मीही झालो होतो. पण २०० बार आणायचे कुठून? पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला दहा बारमध्ये धाप लागते. स्कूबावाले भरून देतात म्हणे, पण आमच्याकडं समुद्र घाट उतरून. चोर्ला उतरा नाहीतर आंबोली. हवा भरायला गोव्याला चाललोय असं घरात सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार?

म्हणून हँडपंप घेतला. दिसायला सायकलच्या पंपाचा मोठा भाऊ. दीडशेच्या पुढं प्रत्येक दाबाला अंगाचं वजन टाकावं लागतं, आणि मधे थांबून पंप गार होऊ द्यावा लागतो, नाहीतर आतले सील जातात. मॅचच्या आदल्या संध्याकाळी पंप मारला की दुसऱ्या दिवशी हात हलतो, तो मोफत. म्हणून मी आता दोन दिवस आधी भरतो.

पावसाळ्यात आणखी एक गंमत. आमच्याकडं जूनपासून जी हवा असते ती हवा कमी आणि पाणी जास्त. ती दाबली की पाणी सुटतं. पंपाचा ब्लीड स्क्रू सोडला की पांढरट थुंकी उडते, ती बोटाला लावून बघा. हे पाणी सिलिंडरमध्ये गेलं की व्हॉल्व्हला गंज. पंपाच्या तोंडाला सिलिका जेलचा फिल्टर लावलाय. दाण्यांचा निळा रंग गुलाबी झाला की तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घेतो. तवा वेगळा ठेवलाय, बायकोनं स्पष्ट सांगितल्यावर.

आता गळती. रात्री २०० ला भरून कपाटात ठेवलं की सकाळी काटा १८५ ला. हे चालतं. पंप मारताना हवा तापते, गार झाली की दाब उतरतो. पण संध्याकाळी १६०, दुसऱ्या दिवशी १२०, म्हणजे कुठंतरी फुसफुस आहे. कान लावून काही ऐकू येत नाही. दुकानदाराला फोन केला तर उत्तर: पूर्ण पिस्तूल पाठवा, बघून सांगतो, दीड-दोन महिने धरा, सील किट बाहेरून येतं. कुरिअरवाल्याकडं गेलो. "आत काय आहे?" "पिस्तूल." तिथंच विषय संपला. एअर पिस्तूल म्हटलं, खेळाचं म्हटलं, बिल दाखवलं. त्यानं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं पेटीकडं बघितलं आणि चहा पिऊन जा म्हणाला. चहा प्यालो, पेटी घेऊन परत आलो. दुकानदाराला परत फोन, तर तो म्हणतो, "कुणाच्या हाती पाठवा." कुणाच्या हाती? लग्नाला चाललेल्या पाहुण्याच्या?

इथपर्यंतचं मे महिन्यात चिडून लिहून ठेवलं होतं. तेव्हा खाली "घेऊ नका" असं मोठ्या अक्षरात होतं. पुढचं आत्ताचं आहे आणि ती ओळ काढून टाकलीय.

क्लबातल्या सरांनी एक साधी चाचणी सांगितली, ती सगळ्यांनी लिहून ठेवावी. सिलिंडर पिस्तुलावरून काढा आणि नुसता रात्रभर ठेवा. काटा उतरला तर गळती सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. त्याला हात लावायचा नाही, तो कंपनीचाच माणूस उघडणार. काटा जागेवर राहिला तर सिलिंडर निर्दोष, भानगड पिस्तुलाशी जोडतो तिथं किंवा त्याच्या पुढं. माझा काटा हलला नाही. मग सिलिंडर परत लावला आणि दाढीच्या ब्रशनं जोडावर साबणाचा फेस लावला. थोड्या वेळानं फेसातून एक बारीक बुडबुडा वर आला, हरभऱ्याएवढा झाला, फुटला. त्याच जागी दुसरा. इतक्या दिवसांची भांडणं त्या एका बुडबुड्यावर चालली होती.

जोडावरची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी. काढून बघितली तर एका बाजूला कडा कुरतडल्यासारखी.

बेळगावात राहून ओ-रिंगसाठी परदेशी किटची वाट बघायची म्हणजे खानापुरात राहून लाकूड बाहेरून मागवण्यातली गत. उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम किती चालतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. एका स्पेअर्सच्या दुकानात गेलो, नमुना काउंटरवर ठेवला. दुकानदारानं व्हर्नियर लावला, आतला व्यास घेतला, दोऱ्याची जाडी घेतली आणि रिंग नखानं दाबली.

"किती प्रेशर म्हणालास गा?"

"दोनशे बार."

"मग हे सत्तर शोअरचं कुणी घातलंय? एवढ्या प्रेशरला मऊ रबर फटीत घुसतंय आणि कापतंय. नव्वदचं घाल की."

शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप. नव्वद शोअरच्या रिंगा पुडीत बांधून दिल्या. पैसे इतके किरकोळ की सुट्ट्यांचीच पंचाईत. आधीच्या मालकानं मिळेल ती रिंग बसवली असणार. सिलिंडर पूर्ण रिकामा करून, बाजूला काढून, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात लावून बसवली. साधं ग्रीस किंवा तेल तिथं चुकूनही लावायचं नाही, दाबातल्या हवेत ते पेट घेऊ शकतं. याच कारणानं दुसऱ्या एका शेडमधल्या वेल्डरची ऑफर हात जोडून नाकारली. "दादा, एवढा पंप मारत कशाला बसतासा? ऑक्सिजनच्या बाटलीतनं भरून देतो की." प्रेमानं म्हणत होता. एअर पिस्तुलात ऑक्सिजन भरला तर सिलिंडर हातातच फुटू शकतो. हवाच भरायची, कोरडी, बाकी काही नाही.

तेव्हापासून काटा जागेवर आहे. भरलं, आठवडाभर ठेवलं, तेवढंच. आणि डोक्यातली फुसफुस थांबल्यावर पहिल्यांदा पिस्तुलाकडं नीट लक्ष गेलं.

ट्रिगर लाजवाब. नियमाप्रमाणं किमान ५०० ग्रॅमचं वजन उचललं पाहिजे. माझा ५२० ला लावलाय, म्हणजे तपासणीच्या टेबलावर घाम फुटत नाही. पहिला टप्पा लांब, दुसऱ्याची भिंत स्वच्छ, आणि सुटतो तेव्हा कळतही नाही. ड्राय फायरची सोय आहे. घरी भिंतीसमोर उभं राहून शंभर वेळा ट्रिगर मारा, हवा शून्य, पॅलेट शून्य. काटकसरी माणसासाठी सगळ्यात मोठं फीचर हेच, आणि जाहिरातीत ते कुणी सांगत नाही. माझा निम्म्याहून जास्त सराव असाच होतो, आणि लाइट गेली तरी होतो.

ग्रिपबद्दल मे महिन्यात "हात सोलतो" असं लिहिलं होतं. आता तसं वाटत नाही. अंगठ्याखाली पोकळी राहत होती तिथं एम-सील भरलं, ओलं असतानाच पकडून हाताचा ठसा घेतला, वाळल्यावर कानसलं. दिसायला भयंकर, हातात मात्र आता रोज एकाच जागी बसतं. भरताना नियमाचं भान ठेवा: ग्रिपनं मनगटाला आधार द्यायचा नाही, आणि पूर्ण पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. सरांनी पुठ्ठ्याची तशी पेटी करून ठेवलीय, त्यात घालून बघितलं.

पॅलेट दोन-तीन प्रकारची चालवून बघितली. सपाट तोंडाचीच घ्यायची, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं आणि मार्कांवर भांडण होत नाही. महाग डबा सरावाला वापरत नाही. पाचशेचा डबा मॅचच्या हिशेबानं सहा वेळा पुरतो. स्वस्त पॅलेटनं नाइन लागला की पॅलेटला शिव्या देता येतात, ही सोयही लक्षात घ्या.

स्कोअर विचारणारे विचारतीलच. पाचशे चाळीसच्या आसपास घोटाळतोय, सहाशेपैकी. गेलेले साठ मार्क पिस्तुलानं खाल्ले असं म्हणायची सोय या पिस्तुलानं ठेवलेली नाही.

नेण्या-आणण्याचं थोडं. आमची कुचंबणा सगळ्यांना माहितीय: राज्य स्पर्धा खेळायची तर कर्नाटक स्टेट रायफल असोसिएशन, म्हणजे बंगळूर, पाचशे किलोमीटर. आणि राही सरनोबत, तेजस्विनी सावंत या नेमबाज ज्या कोल्हापुरातनं घडल्या ते अडीच तासांवर, पण दुसऱ्या राज्यात. ओपन मॅचला कोल्हापूरच परवडतं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सीमेवरच्या कोगनोळीला बंदोबस्त असतो. पेटीत बिलाची प्रत, क्लबचं पत्र आणि ब्रीच (पॅलेट भरायची जागा) रिकामा आहे हे दाखवणारी पिवळी दोरी ठेवा, आणि विचारायच्या आधी स्वतःच पेटी आहे म्हणून सांगा. माझी पेटी उघडल्यावर हवालदारानं पिस्तुलाकडं कमी आणि एम-सीलकडं जास्त बघितलं. "इदु येनु, मुरिदिद्या?" मोडलंय काय म्हणून विचारलं. मोडलं नाही, हाताला बसवलंय म्हटलं. हसून सोडलं.

एक काळजी शिल्लक आहे आणि सेकंडहँड घेणाऱ्यानं पहिली हीच बघावी: सिलिंडरवर कोरलेली तारीख. एअर सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते, आणि ती जपायची जबाबदारी खेळाडूची. माझ्या सिलिंडरची पुढच्या वर्षी संपतेय. सौदा करताना ती दाखवूनच किंमत पाडून घेतली होती, पण पाडलेल्या पैशात नवा सिलिंडर येत नाही, हे दुकानदाराला आधीपासून माहीत असणार. चौकशी केली तर सिलिंडर "ऑर्डरवर". म्हणजे परत दीड-दोन महिने. यावेळी पैसे आधी देणार नाही.

दरम्यान क्लबानं वर्गणी काढून मोठी टाकी घेतलीय, तिच्यावरून मिनिटभरात सिलिंडर भरतो. त्यामुळं माझा हँडपंप विकायचाय, फिल्टर आणि निळ्या दाण्यांच्या डब्यासकट. निपाणी, खानापूर, चंदगडकडचं कुणी असेल तर रविवारी या. २०० बारपर्यंत जातो की नाही ते घेण्याआधी जरूर तपासा, फक्त पंप तुम्ही मारायचा.