नाशकात फिल्मवर फोटो: घरी धुवायची ब्लॅक अँड व्हाइट की लॅबला द्यायची रंगीत?

सिंहस्थ तोंडावर आलाय आणि ओळखीतल्या दोघा-तिघांना एकदम आजोबांचा कॅमेरा आठवलाय. प्रश्न सगळ्यांचा एकच, ‘कॅमेरा कोणता घेऊ?’ मी उलट विचारतो, ‘रोल धुणार कोण?’ कॅमेरा एकदा चांगला मिळाला की वर्षानुवर्षं बघायला लागत नाही. रोल मात्र दर वेळी धुवावा लागतो. नाशकात राहून ते कसं जमवणार, हे ठरलं की कॅमेरा, उजेड आणि साठवण यांची उत्तरं त्यामागून येतात.

वाटा दोन आहेत. इलफर्डची एचपी५ प्लस किंवा केंटमिअर अशी ४०० आयएसओची (आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो) ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घेऊन न्हाणीघरात स्वतः धुवायची. नाहीतर कोडॅक गोल्ड २०० सारखी रंगीत निगेटिव्ह घ्यायची आणि लॅबला द्यायची. मी पहिल्या वाटेचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो.

धुणं

रंगीत फिल्मचा डेव्हलपर (फिल्मवर प्रतिमा उमटवणारं रसायन) ३७.८ अंशांवर ठेवून सव्वातीन मिनिटं चालवायचा असतो, आणि तापमान जरा सरकलं की रंग सरकतात. घरी अशक्य नाही, पण लॅबचं मशीन हे सतत करतं, तुम्ही महिन्यातून एकदा करणार. रंगीत लॅबलाच द्या. देताना तीन गोष्टी तोंडी नाही, लिहून विचारा: रोल इथेच धुणार की बाहेरगावी पाठवणार, स्कॅन किती पिक्सेलचा देणार, आणि निगेटिव्ह परत मिळणार का. तिसरा प्रश्न मी एकदा विचारला नाही. पुतण्याच्या मुंजीचे स्कॅन मेलवर आले, निगेटिव्ह आणायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘टाकल्या काका, कुणी नेतच नाही.’ त्या स्कॅनमधून आठ बाय दहाचा प्रिंटही धड निघत नाही.

सिनेमाची फिल्म डब्यात भरून स्वस्तात विकतात, तीही जपून घ्या. तिच्या मागे रेमजेटचा काळा लेप असेल तर साध्या रंगीत मशीनमध्ये ती चालत नाही, मशीनचं रसायन खराब होतं. न सांगता दिलीत तर पुढच्या वेळी लॅबवाला तुम्हाला दारात उभं करणार नाही.

ब्लॅक अँड व्हाइटचं गणित सैल आहे. आयडी-११ हा इलफर्डचा डेव्हलपर पातळ न करता वापरला तर एचपी५ प्लससाठी २० अंशांवर साडेसात मिनिटं. अडचण त्या २० अंशांचीच. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चहाला ठेवावं इतकं गरम असतं. मी बादलीत पाणी घेतो, डेव्हलपरची बाटली त्यात उभी करतो आणि बर्फ पिशवीत बांधून बादलीत सोडतो, थेट बाटलीत कधीच नाही. २० पर्यंत येईना तर २४ वर थांबतो आणि वेळ सव्वापाच मिनिटांच्या आसपास आणतो. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका, आकाशात पट्टे दिसायला लागतात.

पावसाळ्यातला त्रास वेगळाच. फिल्म प्लॅस्टिकच्या रिळावर चढवायची असते ती चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड आत न येणाऱ्या पिशवीत, हात कोपरापर्यंत आत आणि डोळ्यांना काही दिसत नाही. रीळ जरा जरी दमट असलं तरी फिल्म अर्ध्यावर अडकते. ढकललीत तर दुमडते, सोडवायला गेलात तर हातांना घाम सुटतो आणि बॅगेतली हवा आणखी दमट होते. माझा श्रावणातला एक अख्खा रोल असाच चंद्रकोरीसारख्या काळ्या डागांनी भरला. तेव्हापासून रिळावर आधी हेअर ड्रायर फिरवतो आणि वाया गेलेल्या फिल्मवर दिवसाउजेडी दहा वेळा सराव केल्याशिवाय कुणाला बॅगेत हात घालू देत नाही.

डेव्हलपरनंतर हायपो, म्हणजे प्रतिमा पक्की करणारं रसायन, किती वेळ ठेवायचा याला घड्याळापेक्षा खात्रीची युक्ती आहे. रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा हायपोत टाका, तो पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. हायपोनंतर पाण्याने धुताना नळ सोडून ठेवायची गरज नाही. रीळ ठेवलेला डबा पाण्याने भरून पाच वेळा उलटीपालटी करा, ओता, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. इलफर्डचीच पद्धत आहे, आणि नळाला एक वेळ पाणी येणाऱ्या घरात सोन्यासारखी. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो मोरीत न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवा.

दोन्हींच्या मधली एक पळवाटही आहे. इलफर्डची एक्सपी२ सुपर ब्लॅक अँड व्हाइट असूनही रंगीतच्याच रसायनात धुतली जाते. रसायनांच्या बाटल्या घरात नको असतील तर ही घ्या.

कॅमेरा

इथे मी फार रेंगाळणार नाही. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७ एवढा काळ निघत होता) किंवा निकॉन एफएम२, दोन्हींत बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी. बॅटरी मेली तरी शटर पडतं. के१००० ला मीटर बंद करायचं बटणच नाही, लेन्सला झाकण लावलं नाहीत तर बॅटरी संपत राहते. याशिका इलेक्ट्रो ३५ देखणा आहे, पण त्याची जुनी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, अडॅप्टर शोधावा लागतो. कुणाच्या माळ्यावर याशिका एमएफ-२ सापडला तर तो रंगीत रोल आणि भर उन्हासाठी झकास आहे, संध्याकाळी त्याच्याकडून अपेक्षा नको.

जुना कॅमेरा बघताना मागचं दार उघडून कडेच्या फोमला नख लावा. डांबरासारखा चिकटला तर तो बदलायलाच लागणार. ‘एकदम चालू स्थितीत’ म्हणून घेतलेल्या माझ्या एका कॅमेऱ्याने याच कारणाने अर्ध्या रोलवर लाल पट्टे ओढले होते. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते.

उजेड

बहुतेकांचे रोल इथे फसतात, आणि दोष कॅमेऱ्याला देतात.

काळाराम मंदिर काळ्या दगडाचं. कॅमेऱ्याचं मीटर जे दिसेल ते करड्या रंगाचं धरून मोजतं, म्हणून चौकट भरून काळा दगड दाखवलात की ते ‘अंधार आहे’ समजून जास्त उजेड द्यायला सांगतं. दगड राखेसारखा येतो आणि समोरच्या माणसाचं पांढरं धोतर जळून जातं. मी तिथे मीटरपेक्षा एक ते दीड स्टॉप कमी देतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). रामकुंडावर उलटं: पांढरे कपडे, पाण्यावरची चमक, मागे उजळ आकाश. मीटर घाबरून उजेड कमी करतं आणि चेहरे काळवंडतात. तिथे एक स्टॉप वाढवा. सोपा मार्ग म्हणजे आपला तळहात त्याच उजेडात धरून त्यावर मीटर बघायचं आणि एक स्टॉप जास्त द्यायचा.

चुकायचंच असेल तर निगेटिव्हला जास्त उजेड द्या. रंगीत आणि ब्लॅक अँड व्हाइट दोन्ही निगेटिव्ह दोन स्टॉप जास्त सहज पचवतात. कमी पडलेल्या उजेडातून सावलीतला तपशील कुठलीही लॅब परत आणू शकत नाही.

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. त्यामुळे सकाळी जुन्या नाशिकच्या काठावर उभं राहून पंचवटीकडे कॅमेरा धरला की सूर्य समोर येतो. धुकं, वाफ, काळ्या आकृत्या असं हवं असेल तर ब्लॅक अँड व्हाइटला हा उजेड म्हणजे मेजवानी. पंचवटीची देवळं रंगात हवी असतील तर संध्याकाळी या.

घरात, वाड्यात, भांड्यांच्या दुकानात रंगीत फिल्म रडवते. ती दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते, जुन्या ट्यूबखाली हिरवट येते, पिवळ्या बल्बखाली नारिंगी. ब्लॅक अँड व्हाइटला या भानगडी नाहीत. ४०० ची फिल्म, छिद्र एफ/२, शटर १/३० सेकंद, आणि खांबाला खांदा टेकवा. पांडवलेण्यांत मात्र ४०० सुद्धा अपुरी पडते. शिवाय लांबच्या एक्सपोजरला फिल्म आळसावते: मीटर १० सेकंद म्हणालं तर एचपी५ प्लसला साधारण २० द्यावे लागतात. ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडची परवानगी आधी घ्या.

सिंहस्थाच्या पर्वण्या पावसाळ्यात येतात, हे फिल्म निवडताना विसरू नका. दाट ढगाखाली ४०० ला शटर १/५०० असेल तर छिद्र एफ/५.६ पर्यंत उघडावं लागतं. २०० ची फिल्म तिथे आणखी एक स्टॉप मागेल. पण मी पहिल्या वाटेचा असलो तरी पर्वणीच्या दिवशी रंगीतच घालेन. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये भगवा हा एक मधला करडा रंग होतो, नारिंगी फिल्टर लावला तर फिकट होतो, भगवा काही राहत नाही. त्या दिवसापुरती लॅबची मिन्नत करावी.

साठवण

दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ साली नाशकात वारले. त्यांच्या पहिल्या चित्रपटाचीही अख्खी प्रत आज उरलेली नाही. त्यांची फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी. आपली बहुतेक ॲसिटेटची, ती पेटत नाही, पण दमट उष्णतेत वर्षानुवर्षं राहिली की व्हिनेगरसारखा वास येतो आणि आकसते. वास आलेला रोल लगेच इतरांपासून वेगळा ठेवा.

ब्लॅक अँड व्हाइटची प्रतिमा चांदीची असते, रंगीतची रंगद्रव्यांची. रंगद्रव्यं फिकी होतातच. म्हणजे साठवणीत ब्लॅक अँड व्हाइट जिंकते, पण अट एक: हायपो आणि धुणं नीट झालेलं हवं. घाईत धुतलेली माझी काही वर्षांपूर्वीची निगेटिव्ह आज पिवळी पडलीय, आणि त्याच सुमाराची लॅबने धुतलेली रंगीत अजून ठीक आहे.

सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापा आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला, पीव्हीसीच्या नको. नंतर झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. लोखंडी कपाटात डांबरगोळ्यांशेजारी निगेटिव्ह ठेवू नका. फ्रिजमधली नवी फिल्म वापरण्याआधी दोन तास बाहेर काढा, नाहीतर जुलैत तिच्यावर दव धरतं.

स्कॅनमध्ये रंगीतची एक बाजू खरंच वरचढ आहे. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई रंगीत फिल्मवर चालते, चांदीच्या ब्लॅक अँड व्हाइटवर नाही. तिथले कण तुम्हालाच एकेक पुसावे लागतात. उलट डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि लाइट पॅनेल वापरून घरी स्कॅन करणार असाल तर ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह उलटवून पॉझिटिव्ह करणं मिनिटाचं काम. रंगीत निगेटिव्हवर मुळातच नारिंगी झाक असते, ती काढण्यापायी रात्र जाते.

मी प्रत्येक पाकिटावर मऊ पेन्सिलने रोलचा क्रमांक, तारीख, फिल्म, डेव्हलपर आणि तापमान लिहितो. स्कॅनच्या फोल्डरलाही तोच क्रमांक, एक प्रत घरी, एक बहिणीकडे पुण्याला. परवा १४ नंबरचं पाकीट काढलं तर त्यावर लिहिलेलं होतं: ‘२६ अंश, बर्फ संपला.’