गावठी माठ: पाझरतो तोच गार करतो

उन्हाळा लागला की मराठवाड्यात बाजाराच्या कडेला तीन तऱ्हेचे माठ मांडलेले दिसतात. चाकावर घडवून थापीनं बडवलेला गावठी लाल माठ, आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, धूर कोंडून भाजलेला काळा माठ, आणि साच्यातून काढलेला, रंगवलेला, तोटी बसवलेला माठ. दिसायला तिसराच सुबक. गावठी माठ एका बाजूला किंचित झुकलेला असतो, काठ सरळ नसतो, अंगावर आव्याचे डाग असतात. तरी पाणी गार करायचं असेल तर गावठीच घ्यावा. काळाही तितकाच चालतो. तोटीवाला पारखून घ्यावा, आणि त्यावर ऑइलपेंट मारलेला असेल तर घेऊच नये.

कारण सरळ आहे. माठाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. त्यांतून पाणी बाहेर येतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. १० लिटर पाणी १० अंशांनी उतरायला किमान पावणेदोनशे मिलिलिटर पाणी उडावं लागतं. बाहेरची धग सतत आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. सकाळी काठोकाठ भरलेला माठ न पिताही संध्याकाळी खाली गेलेला दिसला तर तो गळका नाही, कामाचा आहे. रंगानं भोकं बुजली की अंग कोरडं राहतं आणि दुपारी पाणी कोमट लागतं.

ही भोकं आपोआप पडत नाहीत, कुंभार ती मुद्दाम ठेवतो. नुसती काळी माती वाळताना आकसते आणि फाटते, हे भेगाळलेलं रान पाहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून तळ्याची, नदीची गाळाची माती घेतात, चाळतात, भिजवतात, पायानं तुडवतात आणि तिच्यात घोड्याची लीद, राख कालवतात. आव्यात लीद जळून जाते आणि तिच्या जागी पोकळी राहते. म्हणजे जे जळून जाणार आहे, जागा रिकामी करून जाणार आहे, तेच कुंभार आपल्या हातानं मातीत घालतो.

मुद्दाम ठेवलेल्या या भोकांवरून एक जुना प्रश्न आठवतो. देव पूर्ण आहे, तर त्यानं माणूस अपुरा का घडवला, हा प्रश्न कीर्तनात, पारावर, एखाद्याच्या मयतीनंतरच्या बसण्यात हटकून निघतो. घडवणाऱ्याची उपमा तर संतांच्या घरचीच. तेरचे गोरोबाकाका कुंभार होते. तेरणेच्या काठी त्यांचं मंदिर आहे. परंपरा सांगते, की त्यांनी जमलेल्या संतांची डोकी थापटण्यानं वाजवून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. नामदेव आपल्याच हिंगोलीकडच्या नरसीचे. कच्चं ठरलेलं मडकं कोणी फोडलं नाही. नामदेवांना औंढा नागनाथला विसोबा खेचर या गुरूंकडे जावं लागलं, एवढंच. कच्चेपण हा दोष असला तरी तो भाजून जातो. पाझर मात्र भाजूनही राहतो, आणि राहायलाच हवा. माणसाच्या उणेपणातही या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. ज्याला कशाचीच उणीव नाही तो कोणाच्या दारात जाणार, कोणासाठी पाझरणार? वारकऱ्याच्या भक्तीला, ज्याला देवाशिवाय करमत नाही असं कोणीतरी लागतं.

पण ही उपमा एका ठिकाणी तुटते, ते लपवू नये. कुंभाराला मिळेल त्या मातीत भागवावं लागतं. देवाला कसली अडचण? महानुभाव पंथाचं उत्तर इथे जास्त रोखठोक आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही अनादी. जिवाची अविद्याही अनादी. ती परमेश्वरानं घातलेली नाही, तो ती सोडवायला येतो. वेदान्ती म्हणेल, घट फुटला तरी घटातलं आकाश फुटत नाही, उणेपण आकाराचं आहे. मला पाझराचं उत्तर जवळचं वाटतं, पण ते पाझरापुरतंच. दुष्काळात ज्याचं घर बसलं त्याला "हे तुझ्या भल्यासाठीचं भोक" असं सांगू नये. तो तडा आहे. तडा आणि पाझर एक नव्हेत, आणि माठ घेतानाही सगळी पारख हीच आहे.

तडा येतो तो घाईनं. कच्चा माठ उन्हात भरभर वाळवला, तळ जाड आणि पोट पातळ राहिलं, किंवा भाजलेला माठ पुरता निवायच्या आधीच बाहेर काढला, की चीर जाते. ती ओळखायला माठ उचलून बोटाच्या पेरानं चार बाजूंनी वाजवा. खणखण वाजला तर पक्का. एका बाजूला आवाज फुटका, घोगरा आला तर तिथे चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. चारी बाजूंनी भद्द वाजला तर भाजणी अपुरी. माती साधारण ६०० अंशांच्या वर तापली तरच कायमची बदलते. त्याखाली राहिली तर पाण्यात मऊ पडते आणि आठवडाभरात तळाशी गाळ बसतो. मग मोबाइलचा टॉर्च आत सोडून बाहेरून पाहा. उजेडाची रेघ दिसली तर माठ दुकानातच परत ठेवा. शेवटी अंगावर पाण्याचा एक थेंब सोडा. चटकन जिरला तर माठ पाझरणारा. मण्यासारखा उभा राहिला तर वर रंग किंवा रोगण आहे, मग दुकानदार काहीही सांगो.

घरी आणल्यावर काठोकाठ भरून एक दिवस ठेवा, ते पाणी झाडांना घाला, आणखी दोनदा असंच करा. साबण लावू नका. भोकांत शिरलेला साबण बरेच दिवस चवीला येतो. गरम पाणी ओतू नका. पहिले काही दिवस मातीचा वास येतो, तो चांगला. माठ सावलीत, पण वारा लागेल तिथे ठेवा: घडवंचीवर, किंवा परातीत ओली वाळू घालून तिच्यावर. भिंतीला चिकटवला की तेवढी बाजू वाया जाते. बंद स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उत्तम माठही निकामी.

गारव्याची हद्दही माहीत असावी. हवेत ४२ अंश आणि दमटपणा १५ टक्के असेल तर पाणी फार तर २२ अंशांकडे झुकू शकतं. घरातला माठ त्याहून तीन-चार अंश वरच थांबतो, आणि घशाला तेवढंच सोसवतं. पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के दमटपणा असला की दोन अंशही उतरणं अवघड. त्यात माठाचा दोष नाही.

आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे बोअरचं जड पाणी. पाणी उडतं, क्षार भोकांत राहतात, अंगावर पांढरी खार चढते आणि पाझर मंदावतो. दर पंधरा दिवसांनी माठ रिकामा करा, बाहेरून नारळाच्या काथ्यानं घासा, खार जास्त असेल तर लिंबाचं पाणी लावून घासा, धुऊन दिवसभर उन्हात वाळवा. फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी भरलं तर माठ जास्त उन्हाळे काढतो. बोअरच्या पाण्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात गारवा घटलेला जाणवतो.

तोटीवाला घ्यायचाच असेल तर तोटीला आतून आणि बाहेरून असे दोन रबरी वायसर आहेत का ते पाहा आणि आतली चकती हातानंच आवळा. पान्यानं आवळली की भोकापासून तडा जातो. तोटीभोवती सिमेंट लावायचं असेल, तर ओल्या माठावर ते टिकत नाही. दोन दिवस वाळवून मग लावा.

माठ अक्षय तृतीयेच्या आठ-दहा दिवस आधी घ्या. करा-केळीच्या, म्हणजे सणाला पितरांसाठी पुजायच्या मडक्यांच्या, मागणीत सणाच्या तोंडावर अर्धवट भाजलेला मालही खपून जातो, आणि गर्दीत निवांत वाजवून पाहायला सवड मिळत नाही.