कंत्राटदार परवान्याचा ऑनलाइन तयारीवर्ग : परीक्षेला पुरेसा, अर्जाला अपुरा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बांधकाम कंत्राटदाराला लागणाऱ्या परवान्याची तयारी करून घेणाऱ्या एका खासगी ऑनलाइन वर्गाचे शुल्क भरून मी तो पूर्ण केला आणि त्या बळावर 'कायदा आणि व्यवसाय' व माझ्या व्यवसायशाखेची, म्हणजे कामाच्या प्रकाराची, अशा दोन्ही परीक्षा उत्तीर्णही झालो. तरीही मी या वर्गाला पाचपैकी तीनच तारे देतो. परीक्षेपुरते पाहिले तर वर्ग चांगला आहे. मात्र जाहिरातीत तो 'परवाना मिळवून देणारा संपूर्ण वर्ग' असल्याचे सांगितले जाते आणि परवान्याचे अर्ज जिथे खरोखर अडतात, त्या कायदेशीर अटींची या वर्गात जेमतेम तोंडओळख होते.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण वर्गाचे विक्री प्रतिनिधी ती आपणहून सांगत नाहीत. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी कोणताही वर्ग करण्याची कायद्याने सक्ती नाही. परवाने देणारे कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड १९२९ पासून अस्तित्वात आहे आणि प्रत्येक परीक्षेत कोणत्या विषयांवर प्रश्न येतात याची अभ्यासपुस्तिका ते स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवते. त्यामुळे वर्गाला दिलेले पैसे हे सराव प्रश्नसंचाचे आणि अभ्यासाला लागणाऱ्या शिस्तीचे असतात. दिवसभर साइटवर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्याला अशा शिस्तीची गरज असते, हे मला मान्य आहे.

वर्गाचा सर्वांत चांगला भाग म्हणजे 'कायदा आणि व्यवसाय' या विषयाचा सराव. ही परीक्षा जवळपास प्रत्येक अर्जदाराला द्यावी लागते आणि कारागिरीत मुरलेली माणसे नेमकी इथेच गडबडतात. एका सराव प्रश्नात स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचा करार ३०,००० डॉलरचा आहे आणि कंत्राटदाराला जास्तीत जास्त किती आगाऊ रक्कम घेता येईल, असे विचारले आहे. घरदुरुस्तीच्या करारात दहा टक्के आगाऊ घेता येतात, एवढेच ज्याने ऐकलेले असते तो ३,००० वर खूण करतो. नियम मात्र कराराच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच घेण्याचा आहे, म्हणून बरोबर उत्तर १,००० आहे. उत्तराखाली हा नियम कशासाठी केला आहे आणि मोडला तर काय होते, याचे चार ओळींचे स्पष्टीकरण आहे. अशी स्पष्टीकरणे जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला दिलेली आहेत आणि त्याबद्दल वर्गाचे कौतुक करायलाच हवे.

व्यवसायशाखेच्या परीक्षेचा भाग ठीकठाक आहे. माझी शाखा 'बी', म्हणजे सर्वसाधारण बांधकामाची, होती. सी-१० म्हणजे विद्युतकाम किंवा सी-३६ म्हणजे नळकाम घेणाऱ्यांसाठी प्रश्नसंच पुरेसा आहे का, हे त्या शाखांतील मंडळींनीच सांगावे.

आता अनुभवाच्या अटीविषयी. अर्जदाराला मागील दहा वर्षांतला किमान चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो आणि तोही स्वतंत्रपणे काम करू शकणारा पूर्ण कारागीर, फोरमन, पर्यवेक्षक, कंत्राटदार किंवा स्वतःचे घर स्वतः बांधणारा मालक अशा पातळीवरचा असावा लागतो. मदतनीस म्हणून काढलेली वर्षे यात धरली जात नाहीत. हा अनुभव ज्याने प्रत्यक्ष पाहिला आहे अशा व्यक्तीने ठरावीक नमुन्यावर सही करून प्रमाणित करावा लागतो आणि बोर्डाला शंका आली तर वेतनपावत्या, करकागद, करार, परवानग्या असे पुरावे मागितले जातात. वर्गाने या सगळ्यासाठी फक्त एक छोटी चित्रफीत दिली आहे. तीत दाखवलेल्या नमुन्यात कामाच्या वर्णनाच्या रकान्यात 'सर्व प्रकारची बांधकामे केली' एवढेच लिहिलेले दिसते. असे वर्णन पाठवणे म्हणजे खुलाशाचे पत्र ओढवून घेणे आहे. 'बी' शाखेसाठी अर्ज असेल तर लाकडी सांगाडा उभारणे, भिंतींचे पत्रे बसवणे, दारे-खिडक्या, फरशीकाम अशी एकेक कामे कोणत्या काळात आणि कोणत्या पदावर केली, हे लिहायला हवे. मी तसे लिहिले, पण ते मला वर्गातून कळले नाही. माझ्या जुन्या मालकाने स्वतःचा अर्ज भरताना ठेवलेली प्रत दाखवली, म्हणून कळले.

याच चित्रफितीत शिक्षणाच्या सवलतीचा उल्लेखही नाही, आणि आपल्याकडून तिकडे गेलेल्या अभियंत्यांच्या दृष्टीने ही वर्गाची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल. संबंधित शाखेतील अभियांत्रिकी पदवी, वास्तुशास्त्र किंवा बांधकाम तंत्रज्ञानाची चार वर्षांची पदवी असेल तर चारपैकी तीन वर्षांपर्यंतची सूट मिळू शकते, मात्र उरलेले किमान एक वर्ष प्रत्यक्ष कामाचेच असावे लागते. केवळ पदवीच्या जोरावर परवाना मिळत नाही आणि पदवीचा काहीच उपयोग नाही असेही नाही, एवढे एक वाक्य जरी वर्गाने सांगितले असते तरी अनेकांचा गोंधळ टळला असता.

परवाना कंपनीच्या नावाने घ्यायचा असेल तर कंपनीच्या वतीने पात्रता सिद्ध करणारी एक व्यक्ती लागते, जिला तिथे सर्रास 'क्वालिफायर' म्हणतात. ती कंपनीची अधिकारी असू शकते किंवा कर्मचारी. कर्मचारी असेल तर तिने आठवड्याला किमान ३२ तास किंवा व्यवसायाच्या एकूण कामकाजाच्या वेळेपैकी ८० टक्के वेळ, यांपैकी जे कमी असेल तेवढे काम प्रत्यक्ष करायला हवे. अधिकारी असली तरी कामावर थेट देखरेख आणि नियंत्रण तिचेच असले पाहिजे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. थोडक्यात, ओळखीतल्या परवानाधारकाचे नाव महिन्याच्या ठरावीक रकमेवर कागदावर लावून धंदा चालवणे बेकायदेशीर आहे. वर्गाच्या व्याख्यात्याने या विषयावर बोलताना 'क्वालिफायर शोधून घ्या, मिळतात' असे हसत सांगितले. शिकवणाऱ्याच्या तोंडी असे वाक्य शोभत नाही, कारण त्यावर विसंबणाऱ्याचा परवाना तर जाऊ शकतोच, शिवाय नाव देणाऱ्याचाही धोक्यात येतो.

आकडे जुने असणे ही माझी दुसरी मोठी तक्रार आहे. वर्गाच्या पुस्तिकेत कंत्राटदाराच्या बाँडची, म्हणजे हमीपत्राची, रक्कम १५,००० डॉलर छापलेली आहे. १ जानेवारी २०२३ पासून ती २५,००० डॉलर झालेली आहे. शिवाय हा बाँड म्हणजे कंत्राटदाराचा विमा असल्यासारखी मांडणी केली आहे, ती तर सपशेल चुकीची आहे. बाँड ग्राहकाच्या आणि कामगाराच्या संरक्षणासाठी असतो. बाँड कंपनीने दावा चुकता केला तर ती रक्कम नंतर कंत्राटदाराकडून वसूल केली जाते. मर्यादित दायित्वाच्या कंपनीला, म्हणजे एलएलसीला, कामगारांसाठी १,००,००० डॉलरचा आणखी एक बाँड आणि दायित्व विमा लागतो, हे पुस्तिकेत कुठेच नाही. काँक्रीट, वातानुकूलन अशा काही शाखांना एकही कामगार नसला तरी कामगार भरपाई विमा घ्यावाच लागतो, ही तरतूदही २०२३ पासूनच लागू आहे आणि तीही गाळलेली आहे.

परवान्याशिवाय किती रकमेपर्यंत काम करता येते, याचाही आकडा जुनाच, ५०० डॉलर, दिला आहे. १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा १,००० डॉलर झाली, पण त्या कामाला बांधकाम परवानगी लागत नसेल आणि मदतीला कामगार ठेवला नसेल तरच ती सवलत मिळते. मर्यादेबाहेरचे काम परवान्याशिवाय केले तर कंत्राटदाराला आपल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही. उलट दिलेली रक्कम परत मिळावी म्हणून ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. दंडापेक्षा ही तरतूद अधिक जाचक आहे आणि माझ्या मते वर्गाची सुरुवातच तिच्यापासून व्हायला हवी होती.

हाच वर्ग इतर राज्यांसाठीही विकला जातो. त्यांनी ग्राहकाला निदान एवढे सांगावे की टेक्सासमध्ये सर्वसाधारण बांधकाम कंत्राटदारासाठी राज्यस्तरीय परवानाच नाही, विद्युतकाम किंवा नळकामाला तो लागतो आणि बाकीचे नियम शहराशहराप्रमाणे बदलतात. फ्लोरिडात राज्यभर चालणारा आणि स्थानिक हद्दीपुरता, असे दोन प्रकार आहेत. अ‍ॅरिझोना किंवा नेव्हाडात पाच वर्षे विनातक्रार परवाना असलेल्याला कॅलिफोर्नियात व्यवसायशाखेच्या परीक्षेतून सूट मिळू शकते, कायद्याच्या परीक्षेतून मात्र नाही.

शुल्काबाबत माझी तक्रार नाही. ते बोर्डाच्या ४५० डॉलर अर्जशुल्कापेक्षा जास्त असले तरी प्रश्नसंचाच्या दर्जाकडे पाहता वाजवी वाटते. ईमेलवर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरेही लवकर मिळतात, फक्त अनुभवाच्या कागदपत्रांविषयी विचारले की 'बोर्डाशी संपर्क साधा' एवढेच ठरलेले उत्तर येते. ज्यांचे अनुभवाचे कागद तयार आहेत आणि बोर्डाच्या संकेतस्थळावरचे चालू आकडे जे स्वतः तपासून घेतील, त्यांनी हा वर्ग खुशाल घ्यावा. मात्र पैसे भरण्याआधी वर्गाचे साहित्य किती काळ वापरता येते, ते पाहून घ्यावे. अर्ज स्वीकारला गेल्यापासून परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी बोर्ड १८ महिने देते, तर वर्गाचे साहित्य सहा महिन्यांतच बंद होते आणि मुदतवाढीचे पैसे वेगळे पडतात. त्यामुळे बोर्डाकडून अर्ज स्वीकारल्याचे पत्र हाती आल्यावरच नाव नोंदवणे सोयीचे आहे.