हिवाळी श्वसनसंसर्ग केंद्र : दोन भेटींनंतरचा अभिप्राय

तीव्र श्वसनसंसर्गाच्या रुग्णांसाठी केवळ हिवाळ्यापुरत्या सुरू केलेल्या एका सामुदायिक केंद्रात या मोसमात मला दोनदा जावे लागले. आधी आठ महिन्यांच्या भाचीला घेऊन आणि पुढे सहा आठवड्यांनी बहात्तर वर्षांच्या वडिलांना घेऊन. तपासणीबद्दल माझी जवळजवळ काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती केंद्राच्या आखणीबद्दल.

भाचीला खोकला आणि घरघर होती. दारातच परिचारिकेने त्रास कधीपासून आहे आणि बाळ दूध नीट पिते का, एवढे दोनच प्रश्न विचारले. बाळ रडत होते म्हणून ते शांत होईपर्यंत ती थांबली, मग अंगावरचे कपडे वर करून घड्याळाकडे पाहत तिने पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. लहान बाळांचा श्वास एका लयीत चालत नसल्याने अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याचा उरकता हिशेब येथे चुकतो, आणि रडणाऱ्या बाळाच्या आकड्याला तर काहीच अर्थ नसतो. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी ही मर्यादा ६०, तर एक ते पाच वर्षांसाठी ४० आहे. भाचीचे ४६ भरले, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात नव्हता आणि ऑक्सिजन ९७ टक्के होता. डॉक्टरांनी हा विषाणूजन्य ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांची सूज, असल्याचे सांगून प्रतिजैविक दिले नाही. मात्र दुखणे दुसऱ्याच दिवसाचे आहे, ते साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्यामुळे उद्या बाळ आजच्यापेक्षा अधिक आजारी वाटेल, हे त्यांनी आवर्जून सांगितले. दूध निम्म्याच्या आसपास आले, ओठ निळसर दिसले किंवा श्वास मध्येच थांबू लागला तर थेट रुग्णालय गाठायचे, हेही त्यांनी कागदावर लिहून दिले. त्या कागदामुळे पुढच्या रात्री आम्ही उगाच धावपळ केली नाही.

वडिलांच्या वेळी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरने ८८ दाखवले आणि माझ्या पोटात गोळा आला. परिचारिकेने घाई न करता त्यांचे गार पडलेले हात चोळून गरम केले आणि पुन्हा पाहिले तेव्हा ९५ आले. छाती तपासून न्यूमोनियाबद्दल शंका उरली, तेव्हा बोटाच्या थेंबभर रक्तावर सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह मोजणारी चाचणी झाली. हा आकडा २० च्या आत असेल तर प्रतिजैविक सहसा देत नाहीत, १०० च्या वर गेला तर देतात. वडिलांचा ३४ आला. अशा मधल्या रुग्णाला औषधाची चिठ्ठी देऊन ठेवतात आणि त्रास वाढला तरच औषध घ्यायला सांगतात.

आता आखणीकडे. केंद्राने सगळी तयारी फ्लूच्या लाटेच्या अंदाजाने केलेली दिसली. पण तान्ह्या बाळांना गाठणाऱ्या आरएसव्ही या श्वसनविषाणूची लाट बहुधा फ्लूच्या आधी येते. परिणामी पहिल्या भेटीत बाळांची रांग दारापर्यंत होती आणि बाळांसाठीचा ऑक्सिमीटर एकच, तर दुसऱ्या भेटीत मुलांचा कक्ष रिकामा असताना वृद्ध मंडळी उभी होती. कर्मचारी आणि साधने मोसम पुढे सरकेल तशी हलवली तरी हे टळले असते. सोमवारचेही तेच. शनिवार-रविवार घरी दुखणे काढलेले सगळे सोमवारी सकाळी येतात, हे कोणत्याही दवाखान्याच्या शिपायाला ठाऊक असते. येथे मात्र सातही दिवस भेटीच्या वेळा सारख्याच होत्या. नेहमीच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या रुग्णांसाठी राखलेल्या वेळा दुपारपर्यंत भरल्या नाहीत, तरी त्या इतरांना दिल्या जात नव्हत्या.

प्रतीक्षाकक्षाचे तर आश्चर्यच वाटले. खोकणारी मुले आणि दम लागलेली म्हातारी माणसे एकाच बंद खोलीत बसवली होती, वास्तविक आरएसव्ही वृद्धांनाही जड जातो. भिंतीवर कार्बन डायऑक्साइडचा मीटर होता. हवा खेळती असेल तर तो ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ८००) आसपास किंवा खाली राहतो. आमच्यासमोर तो १,६०० च्या वर होता आणि समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या थंडीमुळे लावून घेतलेल्या होत्या. मी विचारल्यावर त्या वीतभर उघडल्या गेल्या आणि कोणीही कुरकुर केली नाही.

तपासणीची नोंद आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नऊ दिवसांनी पोहोचली. तोवर वडिलांच्या हातातला कागदच काय तो पुरावा होता, म्हणून येथे जाणाऱ्यांनी त्याचा फोटो काढून ठेवावा. असला खोकला तीन आठवडेही रेंगाळतो, हे तेवढ्यात दोनदा सांगितले गेल्याने आम्ही पुन्हा रांग लावली नाही. वडिलांचा खोकला अठराव्या दिवशी थांबला. औषधाची ती चिठ्ठी अजून त्यांच्या पाकिटात आहे.