विद्राव्यतेचा प्रयोगसंच: साहित्य चांगलं, पुस्तिका अपुरी

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे लेकीसाठी हा संच घेतला तेव्हा आधी साहित्यच तपासलं. चंचुपात्रं जाड काचेची आहेत, छोटा तराजू नेमकं वजन दाखवतो, डब्यांवरची नावं ठळक आहेत. इथवर तक्रारीला जागा नाही.

पहिला प्रयोग मिठाचा. १०० मिलिलिटर पाण्यात तिने पाच-पाच ग्रॅम मीठ मोजून टाकलं. सातव्या वेळी ढवळून हात दुखला, पण दाणे गेले. आठव्या वेळचे मात्र तळाशी बसले ते बसलेच. खोलीच्या तापमानाला एवढ्या पाण्यात साधारण ३६ ग्रॅमच मीठ विरघळतं, ती मर्यादा तिने स्वतःच्या हाताने गाठली. पाणी तापवूनही तळ साफ झाला नाही, कारण उष्णतेने मिठाची विद्राव्यता, म्हणजे विरघळण्याची मर्यादा, फारशी वाढत नाही. साखरेचं उलटं झालं. तेवढ्याच पाण्यात ती २०० ग्रॅमच्या आसपास विरघळते आणि डबीत १०० ग्रॅमच दिलीय! संपृक्त द्रावण, म्हणजे आणखी साखर मावणारच नाही असं पाणी, दिसायच्या आत साखर संपली.

खरी नाराजी पुस्तिकेवर आहे. चौथ्या पानावर लिहिलंय, ‘आयनांनी बनलेले पदार्थ पाण्यात विरघळतात.’ (आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण.) पुढचाच प्रयोग कॅल्शियम कार्बोनेटचा. ढवळल्यावर पाणी पांढरं गढूळ झालं आणि थोड्या वेळाने पूड हळूहळू खाली बसली. लेक म्हणाली, “आई, हेही आयनांचंच ना? मग?” पुस्तिकेत यावर अक्षरही नाही.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडे किंचित ऋण भार असतो, हायड्रोजनकडे किंचित धन. म्हणून मिठातल्या धन भाराच्या सोडियमभोवती पाणी ऑक्सिजनची बाजू वळवतं, ऋण भाराच्या क्लोराइडभोवती हायड्रोजनची, आणि आयन सुटे होतात. पण स्फटिकातले आयनही एकमेकांना धरून असतात. कॅल्शियम आणि कार्बोनेटवर मिठाच्या आयनांच्या दुप्पट भार, त्यामुळे ती पकड फार घट्ट. तिथे पाणी कमी पडतं. हाही नियम म्हणून पाठ करून चालत नाही. मॅग्नेशियम सल्फेटच्या आयनांवर तेवढाच भार असतो, तरी ते सहज विरघळतं, कारण मॅग्नेशियमचा आयन लहान असतो आणि पाणी त्याला अगदी जवळून घट्ट धरतं. प्रत्येक पदार्थाच्या बाबतीत कुणाची ओढ सरस ठरते ते पाहावंच लागतं. संचात मॅग्नेशियम सल्फेटची डबी आहे, पण ती फक्त स्फटिक बनवायला. कार्बोनेटशेजारी तिचा प्रयोग ठेवला असता तर मुलांना केवढं कळलं असतं!

तेलाच्या पानावर तेल आणि पाणी एकमेकांना ढकलतायत असं चित्र आहे. ते चूकच आहे. त्यांच्यात थोडं आकर्षण असतंच. पण पाण्याचे रेणू आपसांत हायड्रोजन बंधांनी, म्हणजे एकाच्या हायड्रोजनला शेजारच्या ऑक्सिजनची जी ओढ असते तिने, जोडलेले असतात. तेलाला सामावून घ्यायचं तर त्याच्याभोवती ही जाळी नव्याने रचावी लागते, आणि तेलाकडून तसा बंध मिळत नाही.

संच घ्यायला हरकत नाही. साखर जास्तीची आणून ठेवा, आणि कार्बोनेटच्या प्रयोगाला मुलांजवळ बसा.