पावणेचार वाजायला आठ महिने लागले: प्रॉम्प्ट लिहून चित्रं काढण्याचा अनुभव

लेकीला झोपताना सांगायच्या एका गोष्टीला चित्रं हवी होती, म्हणून मी प्रॉम्प्ट, म्हणजे हव्या त्या चित्राचं शब्दांतलं वर्णन, लिहून एआयकडून चित्रं काढून घ्यायच्या या भानगडीत पडले. गोष्ट माझीच. एक म्हातारा घड्याळजी, त्याचं दुकान, एक मांजर, आणि दुपारी पावणेचारला एकदम बंद पडणारी सगळी घड्याळं. मला स्वतःला चित्रकलेचा गंध नाही. आठ महिन्यांत हजारावर चित्रं काढून झाली, त्यातली ठेवण्यासारखी चौदा. या हिशेबावरून काय ते समजा.

सुरुवातीचे दोन महिने मी प्रॉम्प्ट लिहीत नव्हते, पत्र लिहीत होते. ‘दुकान बघून जरा उदास वाटायला हवं, पण फार नको, आणि म्हाताऱ्याचा स्वभाव प्रेमळ आहे हे कळू दे.’ यावर यायचं ते गुळगुळीत, चकचकीत दुकान, आणि मध्यभागी कॅमेऱ्याकडे बघून हसणारे आजोबा. मग ही यंत्रं शिकतात कशावर ते वाचलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी जास्त वापरलं ते स्टेबल डिफ्यूजन, ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं चित्रं काढणारं मॉडेल. ते लायन-५बी नावाच्या संग्रहातल्या निवडक भागावर शिकलंय. त्या संग्रहात चित्र आणि त्याच्यासोबतचा मजकूर अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. म्हणजे याला येते ती फोटोखालच्या ओळीची भाषा. फोटोखाली ‘कृपया’ कोण लिहितं? ‘स्वभाव प्रेमळ’ तरी कोण लिहितं? दिसतं ते लिहितात.

तेव्हापासून मी उदासपणा मागायचं सोडलं आणि वस्तू मागायला लागले. ‘अरुंद दुकान, टेबलावर एकच पिवळा दिवा, काचेवर धूळ, गिऱ्हाइकाची खुर्ची रिकामी, बाहेर पाऊस.’ उदासपणा आपोआप आला. हे मी इंग्रजीत लिहिलं होतं, कारण या मॉडेलमधला मजकूर वाचणारा भाग, क्लिप, मुख्यतः इंग्रजीवर वाढलेला आहे. हट्टाने मराठीत लिहून पाहिलं तर त्याने अक्षरांचे तुकडे तुकडे केले आणि मला डोंगरावरचा सूर्यास्त काढून दिला. सुंदर होता, पण घड्याळजी कुठाय?

शिवाय या क्लिपची झेप ७७ टोकनांची. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. स्वल्पविरामसुद्धा मोजला जातो. त्यापुढचा मजकूर मूळ मॉडेल सरळ कापून टाकतं. माझं मांजर पत्राच्या शेवटी यायचं, म्हणून ते कित्येक दिवस चित्रात आलंच नाही. मी आपली मांजराच्या वर्णनात विशेषणं वाढवत बसले होते.

आणि मांजर एकदा यायला लागलं, तर जाईना. एका पानावर ते हरवलेलं असतं. मी लिहिलं, ‘दुकान, मांजर नाही.’ दोन मांजरं आली. चित्रात काय नाही हे सहसा कुणी खाली लिहीत नाही, त्यामुळे ‘नाही’चं वजन त्याला कळत नाही, ‘मांजर’चं मात्र पक्कं कळतं. त्यासाठी नेगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा रकाना असतो. मॉडेल प्रत्येक पायरीला दोन अंदाज बांधतं, एक हव्या असलेल्या शब्दांचा, एक नको असलेल्या शब्दांचा, आणि दुसऱ्यापासून लांब सरकत जातं. मांजर त्या रकान्यात टाकलं आणि दुकान रिकामं झालं.

रंग सांडतात, हा दुसरा छळ. लाल स्वेटरचा म्हातारा, निळी खुर्ची आणि पांढरं मांजर मागितलं की खुर्ची लाल आणि मांजर गुलाबीसर. यावर शब्दांचा इलाज मला सापडला नाही. एका वेळी एकच रंग ठामपणे सांगायचा, बाकीचे भाग इनपेंटिंगने, म्हणजे तेवढाच तुकडा निवडून, पुन्हा काढून घ्यायचे. लोक ‘मास्टरपीस’, ‘एट-के’ वगैरे मंत्रांच्या लांबलचक याद्या चिकटवतात. मी सीड, म्हणजे चित्राची सुरुवात कुठल्या विस्कळीत ठिपक्यांपासून होते ते ठरवणारा आकडा, तोच ठेवून मंत्रासह आणि मंत्राविना काढून पाहिलं. फरक पडतो, पण तो तेल लावल्यासारख्या चकाकीचा. काढून टाकले. गायडन्सचा आकडा, म्हणजे मॉडेलने प्रॉम्प्टला किती घट्ट धरून राहायचं ते, सातच्या आसपास ठेवावा. मी एकदा पंधरावर नेला तर म्हाताऱ्याचा चेहरा भाजल्यासारखा दिसत होता.

आता घड्याळ. यावर मी जेवढा वेळ घालवला तेवढ्यात चित्रकला शिकले असते. पावणेचार मागा, तीन पंचेचाळीस मागा, तास-काटा चारच्या जरा अलीकडे आणि मिनिट-काटा नऊवर असं फोड करून सांगा, चित्रात वाजलेले असतात दहा वाजून दहा मिनिटं. घड्याळांच्या जाहिरातींत काटे बहुधा असेच लावतात; दोन्ही बाजूंना सारखे उघडलेले दिसतात आणि बाराखालचं कंपनीचं नाव झाकत नाहीत. तेच फोटो बघून हे शिकलंय. शब्द कंसात टाकून पुढे आकडा लिहिला की त्यांचा जोर वाढवता येतो; तसं त्या शब्दांचं वजन १.४ केलं, तर वेळ बदलली नाही, घड्याळं मात्र वाढली. पाच-सहा पानं बघून लेक म्हणाली, ‘आई, या गोष्टीत वेळ पुढे का जात नाही?’

शेवटी शब्द सोडले. चित्र उघडलं, माउसने दोन वाकडेतिकडे काळे काटे स्वतः ओढले आणि ते चित्रच पुन्हा मॉडेलला दिलं. बदलाची ताकद ०.३ ठेवली तर माझे काटे नीटनेटके होऊन राहतात. ०.६ केली की दहा वाजून दहा.

म्हाताऱ्याचा चेहराही दर पानाला वेगळा. सीड तोच ठेवला तरी प्रॉम्प्ट बदलला की माणूस बदलतो. मग मी गोष्टच बदलली. आता तो बहुतेक पानांवर पाठमोरा, टेबलावर वाकलेला आहे. गोष्टीला ते बरं दिसतं, पण ही युक्ती मला सुचली नव्हती, नाइलाजाने सुचवली.

प्रॉम्प्ट आधी स्वतः फुलवून घेणारी नवी साधनंही वापरली. त्यांना मराठी छान कळतं, ‘घड्याळजी’सुद्धा कळला. पण त्यातलं एक मी न मागितलेलं गोड हसू आजोबांच्या चेहऱ्यावर दरवेळी लावतं, आणि फुलवलेला मजकूर मला दाखवत नाही. दुकानाची पाटी देवनागरीत मागितली तर काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. पाटी कोरी मागून अक्षरं मी नंतर फाँटने टाकली.

एक कबुली. मधले काही आठवडे मी एका हयात चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये घालत होते. चित्रं झटकन देखणी व्हायची. मग त्यांची मूळ चित्रं शोधून पाहिली, आणि माझ्या पानांवर त्यांचीच झाडं, त्यांचाच उजेड दिसायला लागला. ती सगळी पानं काढून टाकली. आता ‘जलरंग, खरखरीत कागद, कडेने उजेड’ एवढंच लिहिते. निकाल थोडा बेंगरूळ येतो, तो चालवून घेते.

परवा चौदा पानं छापून आणली. लेकीने शेवटचं पान डोळ्याला लावून पाहिलं आणि मागच्या फळीवरच्या बारक्या घड्याळावर बोट ठेवलं. ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. दहा वाजून दहा.

‘हे आधीच बंद पडलेलं असणार,’ ती म्हणाली आणि पान उलटलं.